दुसऱ्या कानातली पोर

सिंदेवाही

प्रिय मोनाली,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी हो-ना काहीच म्हटलं नाही. मामाला ऐकू कमी येते असं तुला वाटलं असेल. ऐकू सगळं येते, बाई. पण तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं, म्हणून लिहायला बसलो.

तू बनवतेस त्या दागिन्यांचं कौतुक मीच गावभर सांगत फिरलो होतो. चांदीच्या कड्यात काच, काचेखाली आपल्याकडचं माणूस. सायकलला कॅमेरा अडकवून मी गावोगावी काढलेले फोटो आता पुण्याच्या बाया गळ्यात घालतात, असं पानठेल्यावर छाती फुगवून सांगायचो. निगेटिव्ह तर उधईने कधीच खाल्ले होते. तरी तू 'मामा, कॉप्या काढून परत करते' म्हणालीस अन् मी एक डबा सोडून सगळे काढून दिले. तुला नाही कसं म्हणणार? गोठ्यातल्या अंधारखोलीत लाल बल्बाखाली बसून, पाण्यात माणूस उमटला की टाळ्या वाजवणाऱ्या तुम्ही दोघी, तू अन् माझी दिव्यानी. तुझी माय गेल्यावर मामीने दोघींना एकाच थाळीत जेवू घातलं.

दिव्यानी तापाने गेली तेव्हा तिचे कपडे, खेळणी, फोटो, सगळं मामीने तिच्यासोबत मातीत दिलं. रोवणीचा तो एक फोटो तेवढा मी लपवून ठेवला होता. मामी चिखलात वाकलेली, अन् शेताच्या धुऱ्यावरून तिला धानाच्या रोपांची, पऱ्ह्याची जुडी देणारी आमची पोर. तो तुझ्या हाती वेगळा दिला होता, आठवते ना? भिंतीला लावायला मोठा करून आण म्हणून.

महाशिवरात्रीला मामीला घेऊन मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दर्शनाच्या रांगेत आमच्या पुढे शहरातली एक पोरगी होती. मामीने एकाएकी तिचा कानच धरला. पोरगी किंचाळली, लोक हसले, मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पाहतो तर त्या डुलात मामी. वाकलेली, हात पुढे केलेला, अन् हातापुढे काहीच नाही. तिथून कापलेला. पोरगी गुणाची निघाली. डूल काढून मामीच्या तळहातावर ठेवला अन् मोठ्या कौतुकाने म्हणाली, "काकू, खरा जुना फोटो आहे हा, कॉपी नाही." मामीने विचारलं, "अन् दुसऱ्या कानातली पोरगी कुठी हाय?" तर म्हणे तो डूल गाडीवरून जाताना कुठेतरी पडला, तेव्हापासून फॅशन म्हणून एकच घालते. बिचारी उरलेला डूल देऊ लागली. मामीने तो परत केला. "माहा फोटो मले कायले पायजे, बाई?"

 आता मामी बाजारात, बसस्टँडवर, बाहेरगावची पोरगी दिसली की तिचे कान बघते. मी कोपर मारतो, तरी बघते. अन् मी हेच विचारत बसतो, की मोनालीले दिव्यानी ओळखू आली नसेल काय? ओळखू आली असेल, तर कात्री चालली कशी?

तू प्रदर्शनासाठी उरलेला डबा मागितलास. फोन ठेवल्यावर मी तो काढला. तळाशी दोन फोटो ओलीने एकमेकांना चिकटलेले होते. पाण्यात भिजवून हळूच सोडवले, तर खालून तुझी माय निघाली. लहानपणी तू रोज विचारायचीस, माय कशी होती, अन् मी म्हणायचो, साऱ्या गावाचे फोटो काढले, पण माझ्या सुगंधीचा एक नाही. आहे, बाई. डोक्यावर मोळी, पाठीला तू. लुगड्याच्या पदराने तुला असं आवळून बांधलं आहे की मधून कात्री घालायला जागाच नाही. डबा मी देणार नाही, अन् हा फोटो पोस्टानेही पाठवणार नाही. पाहायचा असेल तर घरी ये, मामीजवळ बसून पाहा. येताना कानात काही घालू नको.

रागावलेला, तरी तुझाच
मुखरूमामा