दामियानच्या नावाचा पाव

मी, सातुर्निना ओरेयाना, दिवंगत फोर्तुनातो तेर्रासास यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी पूर्ण, धंदा पाव भाजण्याचा, राहणार अरानी, हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे ठिकाणावर आहे, डोके तर विशेषच. आज पहाटे माझी मुलगी सेनोबिया कणकेत मीठ घालायला विसरली, ते मी नुसते बघून ओळखले. याहून मोठा दाखला नोटरीसाहेबांना हवा असल्यास त्यांनी मागावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर सेनोबियाला. लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन इथेच राहिली आणि माझी कटकट तिने हसत सोसली. निदान माझ्यासमोर तरी हसत. अट एकच. रस्त्याकडची खोली भाड्याने देऊ नये. माझ्या अकरा नातवंडांपैकी कोणीही, कधीही, न कळवता बसमधून उतरेल. त्याला आधी जेवायला घालावे, काय झाले ते नंतर विचारावे.

कलम २. लाकडी काठवट आणि लांब दांड्याचे फावडे नात रुफिनाला. तिच्या हाताखाली पीठ लवकर फुगते. ते शिकवून येत नाही.

कलम ३. माझी उंच पांढरी टोपी आणि सणाचा मखमली घागरा सून लिदियाला, माझ्या दामियानच्या बायकोला. तिची मुले गेली कित्येक वर्षे मागच्या दाराने येऊन माझा पाव खाऊन जातात. हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हते. आता झाले.

कलम ४. शेजारीण ग्रेगोरिया, माझ्या मुलाची धर्ममाता, हिने एकदा जी बातमी आणली तिच्याबद्दल मी तिला मनापासून माफ करते. तिने नेलेले तांब्याचे पातेले मात्र परत करावे. हे दोन विषय वेगळे आहेत.

कलम ५. भट्टी माझा मुलगा दामियान याला. सेनोबियाने रुसू नये. पाव तिनेच भाजायचा आहे. पण भट्टी त्याची. तो गवंडी आहे, भट्टीचा घुमट त्याने दोनदा नव्याने बांधला आहे. आणि तिच्यातून निघालेला एक घासही त्याने बावीस वर्षांत तोंडात घातलेला नाही. भट्टीवालीचा मुलगा बाजारात दुसरीकडचा पाव विकत घेतो, हे अख्ख्या अरानीने पाहिले आहे. छप्पर गळले की येतो, औषध आणून देतो, मला सणाला चर्चमध्ये हाताला धरून नेतो. पाव पुढे केला की म्हणतो, "भूक नाही, आई."

त्याचे कारण लिहून घ्या, साहेब.

दामियान ऊसतोडीला अर्जेंटिनात गेला तेव्हा चोवीसचा होता. पत्र नाही, निरोप नाही. मग ग्रेगोरिया रडत आली, की बस दरीत कोसळली आणि तिच्या भाच्याने दामियानला त्याच बसमध्ये चढताना पाहिले होते. प्रेत सापडले नाही. नोव्हेंबर आला. पहिल्या तारखेच्या दुपारी बाराला मेलेले जेवायला घरी येतात. ज्याचे मेज मांडले नाही तो उपाशी फिरतो. मी काय करायचे होते? मांडावे तर जिवंत असलेल्याला मारल्यासारखे, न मांडावे तर मेलेल्याला उपाशी ठेवल्यासारखे. मी मांडले. शेंगदाण्याचे सूप, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला, आणि त्याच्या नावाची पावाची बाहुली. तिला मिशीवाला रंगवलेला चेहरा. तीन वर्षे मांडायचे असते, मी तीन वर्षे मांडले.

तिसऱ्या वर्षी, बरोबर बाराला, दामियान दारात उभा राहिला. प्रार्थना म्हणणारा म्हातारा पेल्यासकट बाकाखाली गेला. ग्रेगोरिया किंचाळली, "अगं बाई, हा तर पायांनी चालत आला!"

मी त्याच्याकडे धावले. पण त्याची नजर मेजावर होती.

"आई, ही मिशी कोणाची?"

"तुझीच रे, राजा. तुझ्यासाठीच मांडलंय."

"म्हणजे मला पुरून मोकळी झालीस! आणि गेल्या दोन वर्षांच्या बाहुल्या? मोडून वाटल्यास ना गावाला?"

मी गप्प राहिले. तो तसाच बहिणीच्या खोलीत निघून गेला.

गप्प का राहिले ते आता सांगते. दुसऱ्या दुपारी आत्म्याला निरोप देताना बाहुली मोडायची आणि प्रार्थना म्हणणाऱ्यांना वाटायची, ही रीत. मी मोडली नाही. हातच उचलेना. आधीच्या दोन्ही वर्षी मी बाहुली शालीखाली लपवली आणि लोकांना साधे पाव वाटले. लोक गुडघे टेकून प्रार्थना म्हणाले आणि मी त्यांना फसवले. ते गावासमोर कबूल करायची लाज वाटली. पुढे एकांतात सांगता आले असते, पण तोवर तोही अडून बसला होता आणि मीही. हट्ट त्याने बापाकडून घेतलेला नाही.

कलम ६. माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नाच्या शालीत गुंडाळलेल्या तीन बाहुल्या आहेत. दगडासारख्या झाल्या आहेत, एकीची मिशी उडाली आहे, पण तिन्ही अखंड आहेत. त्या दामियानला. बाळा, गावाने तुला मेलेला म्हटले. मी म्हटले नाही.

कलम ७. मी गेल्यावर माझे मेज दामियानने मांडावे. माझी बाहुली त्याने आपल्या हाताने मळावी, माझ्या भट्टीत भाजावी, नाक जरा लहान करावे. दुसऱ्या दुपारी बाराला ती त्यानेच मोडावी, आणि पहिला तुकडा स्वतः खावा. माझी मोडायला हरकत नाही, दामियान. मी खरोखर गेलेली असेन.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे. सही माझी मीच करत आहे. अक्षर वाकडे आहे, ते पहिल्यापासून तसेच आहे.

सातुर्निना ओरेयाना

साक्षीदार: एउसेबियो क्लारोस, घंटा वाजवणारा
साक्षीदार: ग्रेगोरिया मोंतान्यो (पातेले शनिवारी आणून देते)

अरानी, कोचाबांबा, १४ ऑक्टोबर २०११