होबार्टच्या तोफा आणि तुमचं नाव

बाबा, गेल्या आठवड्यात आम्ही सुटीला बेटावर गेलो होतो, तिथे होबार्टला नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात तुमची नात तोफेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. इथे वेस्टमीडच्या हॉस्पिटलात मी लोकांचे कान तपासते. पेशंट हेडफोन लावून वाट बघत बसतो आणि मी आवाज सोडायचाच विसरते. हे काम मी का निवडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. देवळालीला तोफा शिकवता शिकवता तुम्हाला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, मग बाकीचेही. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, तरी ओट्याजवळ स्टूल टाकून बसायचात आणि ती उडालेली दिसली की "दोन!" म्हणून ओरडायचात. आई हसायची. मला रडू यायचं.

त्या बेटावरच्या तोफखान्याची गोष्ट तुम्हाला आवडली असती. इंग्रजांच्या काळात, रशियाची जहाजं येतील या धास्तीने दुकानदार, कारकून गोळा झाले आणि सुटीच्या दिवशी सराव करू लागले. पैसे संपले की तुकडी मोडायची, धास्ती वाढली की पुन्हा उभी राहायची. रशियन आले ते पाहुणे म्हणून. शत्रूवर गोळा सुटलाच नाही.

"म्हणजे लुटूपुटूचेच सैनिक," मी म्हटलं. लेक हसली नाही.

"आई, दे स्टिल शोड अप. ऐक ना, मी आर्मी रिझर्व्हला अप्लाय केलंय. आर्टिलरी. इट्स मोस्टली वीकेंड्स, नो वरीज."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आजोबांना मुळीच चाललं नसतं. आपल्या घरात पुन्हा तोफखाना नको, असं म्हणाले होते ते."

"रिअली? आजोबा सेड दॅट?"

"हो."

काल जेवताना ती म्हणाली, "ओके. उद्या अर्ज विड्रॉ करते." ताटातलं तसंच टाकून उठली.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. दहावीनंतर मी विचारलं होतं, मला तुमच्यासारखं होता येईल का? तेव्हा तोफखान्यात मुलींना घेत नसत. तुम्ही म्हणालात, "घेत असते, तर मी स्वतः तुला सोडायला आलो असतो." ते वाक्य मी तिला सांगितलेलं नाही. तिचे कान जातील, कदाचित तीच जाईल, ही भीती माझी आहे. पुढे केलं तुम्हाला.

सकाळपासून दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. आणि खरं सांगू का बाबा, आज तुम्ही असतात, तर मी तिला तुमच्याशी बोलू दिलं नसतं.