दोनपर्यंत फोन आला नाही तर

१६ मे
गणिताचा पेपर झाला. मस्त गेला. पेन दोनदा हातातून पडलं ते कॉफीमुळे. शेवटचा प्रश्न सोडला, पण तो सगळ्यांनीच सोडला असणार. शाळेतल्या समुपदेशक बाई सांगतात, टेन्शन आलं की चांगल्याचीच कल्पना करायची. आजपासून सुरू.

२३ मे
परीक्षा संपली. कल्पना केली: आमच्या दारावर झेंडा, काठीच्या टोकाला माझं दप्तर. आमच्या गावात शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या प्रत्येकाच्या घरावर लटकतं तसंच. रात्री जेवलो नाही. कालचा मासा बाधला.

५ जून
झोप छान. म्हणजे जागाच असतो, पण शांतपणे. धाकटी विट्स्के म्हणते, दादा, नखं संपली, आता बोटं खाणार का? तिला पॉझिटिव्ह थिंकिंगमधलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी कुणी न सांगता झेंड्याला इस्त्री केली.

१२ जून, सकाळी
आज निकाल. आमचे वर्गशिक्षक हूकझेमा सर एक ते दोनमध्ये नापासांना फोन करतात. दोनपर्यंत फोन आला नाही तर पास. सोपं आहे. मनःशांतीसाठी फोन बंद करून पावाच्या डब्यात ठेवला. भीती अजिबात नाही.

दुपारी २
फोन आला नाही! बाबांनी झेंडा चढवला, दप्तर बांधलं, डोळे पुसले. शेजारच्या तेरप्स्ट्राबाई केक घेऊन आल्या. म्हणाल्या, वाटलंच होतं, पोरगा नाव काढणार. माझा केक विट्स्केला देऊन टाकला. आनंदामुळे असेल.

संध्याकाळी
तीन वाजता हूकझेमा सर सायकलवरून आले. फोन लागत नव्हता म्हणून. त्यांनी वर दप्तराकडे पाहिलं, मग सायकल लावायला फारच वेळ घेतला. तेरप्स्ट्राबाईंनी त्यांनाही केक दिला. तो त्यांनी नुसता हातात धरला.
"योरिट," ते म्हणाले, "गणित राहिलं रे. थोडक्यात हुकलं. पुढच्या आठवड्यात परत बसता येईल."

१३ जून
दप्तर खाली काढावंच लागलं. गणिताचं पुस्तक त्यातच होतं. बाबांनी झेंड्याची नीट घडी घातली आणि विचारलं, फोन का बंद होता? बॅटरी म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "घाबरलो होतो."
"मीही," बाबा म्हणाले. "नाहीतर आठवडाभर आधी झेंड्याला इस्त्री कोण करतं?"