मधल्या कैचीखालचं मैदान

आबा, परवापासून आपल्या हॉलमध्ये मुलींची राज्य स्पर्धा सुरू आहे, व्हॉलीबॉलची. आपल्या शहराला ती पहिल्यांदाच मिळाली, आणि सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हातात राहते की पुण्याला जाते, काही खरं नव्हतं. हे कुणाला तरी नीट सांगायचंय. घरात सांगून बघितलं. ह्यांचं म्हणणं, हॉलची व्यवस्थापक झाल्यापासून तू उगाच जीवाला घोर लावून घेतेस. पोरगी म्हणाली, मम्मी, रेघाच तर मारायच्या होत्या. तुमच्यासमोर असं बोलली असती तर कळलं असतं तिला. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, ते एक बरंच आहे. निवांत लिहिता येईल.

तुम्ही गंगापूरकडनं जीपला लटकून शहरात आलात तेव्हा इथं काहीच नव्हतं. बाभळी, दगड, आणि कधीमधी सर्कशीचा तंबू. हे तुमच्याकडनं इतक्यांदा ऐकलंय की ते मैदान मी स्वतः बघितलंय असंच वाटतं. मग खांब उभे राहिले, पत्र्याचं छत चढलं आणि तुम्ही शिपाई म्हणून लागलात. पहिली काही वर्षं खाली नुसती शहाबादी फरशी होती, पोरांचे गुडघे फुटायचे. लाकडी जमीन आली तो दिवस मात्र माझा स्वतःचा आहे, तो कुणी सांगितलेला नाही. मी शाळेतनं तशीच आलेय, दप्तर पाठीला. तुम्ही उंच शिडीवर आहात. छताला आधार द्यायला ज्या लोखंडी कैच्या टाकल्यात, त्यातल्या बरोबर मधल्या कैचीच्या मधून तुम्ही ओळंबा खाली सोडलाय. दोरीच्या टोकाचं पितळी वजन हलतंय, आणि ते थांबायची तुम्ही वाट बघताय. खाली सुतार हसतायत. वजन थांबतं, तुम्ही खाली उतरता, त्याच्याखाली पेन्सिलीनं फुली मारता आणि म्हणता, "हा हॉलचा मध्य. आता कायबी मोजायचं ते इथनं."

त्या एका फुलीवरनं तुम्ही काय काय मांडलंत! सकाळी बॅडमिंटन, दुपारी कबड्डीच्या गाद्या, संध्याकाळी तलवारबाजीच्या पोरांच्या पट्ट्या. भरतीची परीक्षा आली की बाकं, रक्तदान आलं की खाटा, पुस्तकांचं प्रदर्शन आलं की टेबलं. मतमोजणीला तर तुम्ही दुहेरी सतरंज्या अंथरल्याशिवाय एक खुर्ची आत येऊ दिली नव्हती, आणि साहेबलोकांनीही मुकाट्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. खुर्ची कितव्या फळीवर येणार हे तुम्हाला तोंडपाठ असायचं. घरीसुद्धा तेच. सतरंजी अंथरली की चारही कोपरे बघायचे. आई चुलीपुढनं म्हणायची, "आता भाकरीचाबी मध्य काढा, मंग खावा." तुम्ही खरंच भाकरी वर उचलून बघायचात, आणि ती लई हसायची.

तुमच्यामागं पण हॉलनं खूप बघितलं. बिडकीनकडच्या नव्या कंपन्यांचा नोकरीचा मेळावा भरला तेव्हा पोरांची रांग फाटकाबाहेर गेली होती. महामारीत तर आख्खा हॉल दवाखाना झाला. तुमच्या लाकडावर लोखंडी खाटा टाकायच्या म्हटल्यावर माझा हात धजेना, पण टाकल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबा मागवल्या, तुकडे केले आणि एकेका पायाखाली बसवले. एक नर्स म्हणाली, मॅडम, माणसं बघावीत का फळ्या? मी म्हणाले, दोन्ही. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याशेजारी बसून ट्यूबा कापत होती. त्या जमिनीवरनं माणसं आपल्या पायांनी घरी गेली, आबा. त्या दिवसांचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कुठल्याच ढालीचा नाही.

फळ्यांवर खाटांचे ओरखडे पडायचे ते पडलेच. या स्पर्धेसाठी म्हणून यंदा सगळं लाकूड घासून पॉलिश करायचं काम एका ठेकेदाराला दिलं. घासताना जुन्या रेघा गेल्या, तुमची फुलीही गेली. नव्या रेघांच्या पट्ट्या त्याचीच माणसं चिकटवणार होती. आदल्या दिवशी सकाळी दहाला मी आत गेले तर मैदान तयार, पांढरंशुभ्र. बघणारा म्हणाला असता, झक्कास. मी मात्र दारातच थबकले, कारण शेवटची पट्टी लावणारा माणूस टेप भिंतीला टेकवून बसला होता. चार वाजता संघटनेचे तपासनीस यायचे होते. मैदान मापात बसलं नाही तर सामने पुण्याला हलवू, असं त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं.

हीच चूक मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना केली होती, म्हणून तर दिसली. तुम्हाला ताप होता, आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने होते, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणाले होते, आखते मी. समोर चांगली लांबलचक भिंत असताना मधून कशाला मोजायचं, म्हणून भिंतीवरनं आखलं. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद, एक सूतही इकडंतिकडं नाही. तुम्ही मफलर गुंडाळून आलात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, मग दुसऱ्या बाजूची धरली. एक दोरी लांब, एक आखूड. बाजू बरोबर असून मैदान तिरकं झालं होतं. "भिंत सरळ हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?" "दिसतीय की." "दिसती. गवंड्यानं घाईत बांधलीय ती. काढ समदं." माझ्या संघातल्या पोरी खेळाचे कपडे घालून बसल्या होत्या, आणि मी गुडघ्यावर बसून नखांनी पट्ट्या सोलत होते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत.

तर त्या दिवशी मी तिरप्या दोऱ्या धरल्या. चार बोटांचा फरक. ठेकेदार म्हणाला, "दीवार तो सीधीच है मॅडम, कौन देखता?" मी म्हणाले, "मैं देखती. निकालो सब." त्यानं वर फोन लावला. वरनं मला फोन आला की आता वेळ कुठाय, राहू द्या, चालून जाईल. मी म्हणाले, साहेब, चार वाजता मैदान तिरकं निघालं तर राजीनामा मी देते, पण आता मला काम करू द्या. ओढणी कमरेला खोचली आणि शिडीवर चढले. या वयात. मधल्या कैचीवरनं ओळंबा सोडला आणि वजन थांबायची वाट बघत राहिले. ते थांबलं तिथनं चारही कोपऱ्यांना सारख्या दोऱ्या धरून सगळं पुन्हा मोजलं. मग तीच ठेकेदाराची माणसं माझ्याबरोबर जेवणसुद्धा न घेता बसली, आणि साडेतीनला शेवटची पट्टी लागली.

तपासनिसांनी दोनदा मोजलं. दोन्ही तिरप्या बाजू अगदी सारख्या आल्या. ते म्हणाले, असं मैदान क्वचित मिळतं. स्पर्धा आपल्याकडंच राहिली, आबा. काल अजिंठ्याकडच्या एका पोरीनं अशी सर्व्हिस मारली की चेंडू बरोबर रेघेवर पडला, समोरच्या संघानं वाद घातला आणि पंचांनी नुसतं रेघेकडं बोट दाखवलं. मी गॅलरीत उभी राहून ती रेघ बघत होते.

एक मात्र राहिलंय. मोजून झाल्यावर तपासनिसांनी विचारलं होतं, छतावरनं मध्य काढणारं मी पहिल्यांदाच कुणी बघतोय, कुठं शिकलात? मी म्हणाले, बाहेरगावी व्यवस्थापनाचा कोर्स केला होता, तिथं. त्या कोर्समध्ये छताकडं मान वर करून बघायलाही कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला चार अधिकारी उभे होते, आणि माझे वडील इथंच शिपाई होते, त्यांनी शिकवलं, एवढं वाक्य मी बोलले नाही. गडबडीत राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून नाही गेलं. मला लाज वाटली.