ओळख पटवायला

बुधवार, ता. ३ जून

ती. वन्संना,

सा. न., आणि विनंती ती पुढे आहेच.

तुमचे धाकटे भाऊ अजून घरी आलेले नाहीत. गेल्या महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयाची बांधून झालेली पुस्तकं पोचवायला सायकलवरून निघाले, तेव्हा जेवायला येतो म्हणाले होते. पुस्तकं पोचली. सायकल तिथल्याच भिंतीला टेकलेली सापडली. हे मात्र नाहीत.

चौकीतला हवालदार एकच विचारत राहिला, भांडण झालं होतं का. नाही म्हटलं. घरी येऊन ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. खळ पातळ झाली आहे, एवढंच मी बोलले होते. आवाज चढला होता का? खरंच सांगता येत नाही. बाइंडिंगच्या दुकानात आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर बसतो, मी छापील पानांचे फर्मे शिवते, हे पुठ्ठे चढवतात. चार शब्द इकडेतिकडे व्हायचेच.

सोमवारी सरकारी इस्पितळात बोलावलं आहे. नदीकाठी कुणी बेवारस सापडला आहे, वय आणि उंची जुळते म्हणतात. ओळख पटवायला जायचं आहे. तुम्ही याल का? तुमची भाची मी येणारच म्हणून हटून बसली आहे.

गल्लीतल्या बायकांना मला आता काय म्हणावं असा पेच पडलाय. तुमच्या मागच्या पत्रावर मात्र ठसठशीत ‘सौ.’ पाहिलं आणि बरं वाटलं.

लोभ आहेच, तो सोमवारी जरा जास्त लागेल.

तुमची,
पंडिता

शुक्रवार, ता. ५ जून

चि. सौ. पंडितेस,

आशीर्वाद, आणि सोबत थोडं रागावणं.

किती गं स्वतःला उकरतेस! खळ पातळ म्हटलं म्हणून कुणी घर सोडत नाही. एवढी कॉलेज शिकलीस, पण विचार करणं कुठे थांबवावं ते कुणी शिकवलं नाही तुला. धाकटा पहिल्यापासून असाच. आई रागावली की माळ्यावर जाऊन बसायचा, आणि ती हाका मारून दमली की आपणहून खाली.

सोमवारी मला जमणार नाही, गुडघा सुजलाय. तू धीर धर. शेजारच्या औषधवाल्यांना बरोबर ने. सगळं ठीक असेल, माझं मन सांगतं. भाचीसाठी निळा स्वेटर विणून ठेवला होता, तो पार्सलने पाठवते. दोघी जेवत जा.

माया आहे, ती पत्रात मावत नाही.

तुझी,
वन्सं

गुरुवार, ता. ११ जून

वन्सं,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

सोमवारी निघतानाच तुमचं धीराचं पत्र हातात पडलं. औषधवाले बाहेर थांबले, तुमची भाची थांबली नाही. चादर बाजूला केली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पाहिलं तिने. हे माझे बाबा नाहीत, असं तिथल्या माणसाला तिनेच सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलीने. मला काय वाटलं तेही लिहिते: क्षणभर वाटलं, हेच असते तर वाट पाहणं तरी संपलं असतं. दोन दिवस त्या विचाराची लाज घेऊन वावरले.

काल तुमचं पार्सल आलं. कात्री घेऊन बसले आणि तशीच राहिले. लोक पार्सलाचा कागद कसाबसा दुमडतात आणि वर दोरी आवळतात. या कागदाचे कोपरे तिरपे कापलेले होते, बारीक कड सोडून. उरलेलं टोक अंगठ्याच्या नखाने आत दाबून खळीने चिकटवलेलं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कापड असं चढवतात. नखाची ती खूण कुणाची, ते मला विचारू नका. वीस वर्षं समोर बसून पाहते आहे. लपून बसलेल्या माणसाला वाकडा कोपरा मात्र सहन झाला नाही.

तो तुमच्याकडे आहे. ‘सौ.’ एवढं ठसठशीत कसं उमटत होतं, ते आता कळलं. औषधवाल्यांचा फोन नंबर तुमच्याकडे होता. जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही मला धीर धरायला सांगितलंत.

पंडिता

सोमवार, ता. १५ जून

चि. सौ. पंडितेस,

आशीर्वाद घे किंवा परत पाठव.

होय, इथेच आहे. आला तो एका दिवसासाठी म्हणून आला. तेच पुठ्ठे, तीच चार भिंतींतली जागा, श्वास कोंडतो म्हणाला. एक दिवस राहिला, मग दुसरा, मग आता तोंड कसं दाखवू म्हणायला लागला. तुला कळवते म्हटलं तर म्हणाला, कळवलंस तर तुलाही सापडणार नाही अशा ठिकाणी जाईन. मी काय करायला हवं होतं, तूच सांग. आई गेल्यावर मी भरवलंय त्याला.

आता तो यायचं म्हणतो. भाचीला सांग, कुठेतरी तापाने पडून होता, शुद्ध नव्हती. चारचौघांतही तेच सांगू. पडतं घे, बाई. संसार आहे.

तुझीच,
वन्सं

गुरुवार, ता. १८ जून

वन्सं,

तापबीप मी काही सांगणार नाही. तुमचं पत्र तुमच्या भाचीने वाचलं, मीच दिलं. तिने एकच विचारलं: आपण इस्पितळात जाणार हे बाबांना माहीत होतं का?

तेच मी तुम्हाला विचारते आहे. श्वास कोंडला, हे मी समजू शकते. माझाही कोंडतो, मी उठून खिडकी उघडते. भीतीने तोंड लपवलं, तेही कधीतरी समजून घेईन. पण माहीत असून तो तुमच्याकडे जेवला-झोपला असेल, तर त्याने येऊ नये. माहीत नसेल तर आता सगळं सांगा आणि पाठवा. मी दार उघडेन.

तुम्ही खोटं लिहिलंत तर मला ते कळणार नाही, आणि मी दार उघडेन. हे लक्षात ठेवून लिहा.

पंडिता

मंगळवार, ता. २३ जून

पंडिते,

आशीर्वाद द्यायची लायकी उरली नाही, तरी देते.

त्याला माहीत होतं. तुझं पत्र आलं तसं मी ते त्याला वाचून दाखवलं. निदान फोन कर म्हटलं. तो म्हणाला, “जातील, बघतील, मी नाही हे कळेल आणि परत येतील.” मग स्वेटर पुढे ओढून कागद कापायला लागला.

आत्ता समोरच बसलाय. नको लिहूस म्हणतो.

वन्सं

शुक्रवार, ता. २६ जून

ती. वन्संना,

सा. न. वि. वि.

खरं लिहिलंत. राग गेलेला नाही, तुमच्यावरचाही नाही.

त्याने येऊ नये. फक्त चौकीत जाऊन, मी हरवलो नव्हतो, मी गेलो होतो, एवढं त्याच्या तोंडाने सांगू दे. नाहीतर ते मला पुन्हा कुणाची तरी चादर उचलायला बोलावतील.

तुम्ही या. तुमच्या भाचीला तुमच्याशी भांडायचं आहे आणि पत्रातून भांडणार नाही म्हणते. चार दिवस राहायच्या तयारीने या, एका दिवसात तिचं भांडून होणार नाही. माझं त्यानंतर.

लोभाचं तेव्हा बघू.

तुमची,
पंडिता