राहून राहिला

सोमवार, १४ नोव्हेंबर २०११

पोचले एकदाची हिरडटोल्याला! इकडच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे सरपंच खेमराज रहांगडाले यांच्या मोटारसायकलवर. मांडीवर नकाशांची नळी, तोंडात धूळ. पुण्याच्या ऑफिसात सात वर्षं दुसऱ्यांच्या बाल्कन्या काढल्या, आता हे पहिलं स्वतःचं काम: मालगुजाराचं, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदाराचं, पडीक खळं गावासाठी नव्यानं उभं करायचं. जागा पाहून जीव हरखला. वीस बैलजोड्यांचा कोठा (इथे गोठ्याला कोठा म्हणतात), अख्खी मंडई मावेल एवढं अंगण आणि जाडजूड मातीच्या भिंतींचं धानाचं कोठार. कोठ्यात सभागृह, अंगणात बाजार आणि नाटकांसाठी रंगमंच, कोठारात वाचनालय. मला तर सगळं दिसायलाच लागलं.

सरपंच म्हणाले, याआधी दोनदा इथे समाजमंदिर बांधलं, दोनदा छत कोसळलं. कंत्राटदारानं सिमेंट खाल्लं असणार, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत.

फाटकात नारळ फोडला. सगळं गाव जमलेलं. सरपंचांनी विचारलं, "मॅडम, राहाल न?" काम संपेपर्यंत राहणारच होते. म्हटलं, राहीन की! त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. गर्दीतली एक बाई रडायलाच लागली. इतकी माया पुण्यात कोण करतं?

बुधवार, १६ नोव्हेंबर

कोठार मोजलं. बाहेरून आणि आतून माप जुळेना, पाच फुटांचा फरक. मागच्या भिंतीत बिनदाराची खोली आहे तर! कान लावला तर आत खरखर. उंदीर फार.

धुरपताबाई माझा डबा आणते. परवाची रडणारी बाई ती हीच, गवंडी श्यामलालची बायको. तिला विचारलं, भिंतीत काय आहे? म्हणाली, "तेथं नंदलाल राहून राहिला." कोण नंदलाल, तर मालगुजाराचा राखणदार. यांचं सगळं राहूनच राहतं, गंमत आहे बोलीची! नकाशावर लिहिलं: 'पूर्वीच्या राखणदाराची खोली. भिंत पाडणे.' धुरपताबाई जाताना त्या भिंतीपाशी भाताची एक मूद ठेवून गेली. उंदीर फार का, ते कळलं.

शनिवार, १९ नोव्हेंबर

गाव बदललंय. नमस्कार केला तर बायका पदर ओढून वळतात, पुरुष माझ्या पायांकडे बघतात. मी काय यांची जमीन लाटायला आलेय?

श्यामलालनं भिंतीला हात लावायला नकार दिला. कुदळ माझ्याच हातात देऊन म्हणाला, "पयला घाव तुमचा, मॅडम. शब्द तुमी देल्ला." कसला शब्द, विचारलं तर नुसतं भिंतीकडे बोट. मग मीच घातला. भर दुपारी, रागानं.

आत धूळ नव्हती. तणसाचं (धानाच्या पेंढ्याचं) अंथरूण, काठी, पाण्याचा लोटा. अंथरुणावर माणसाच्या पाठीचा खळगा. हात लावला. गरम होता.

कुणाची तरी थट्टा. पण आत जायला दार कुठे होतं?

सोमवार, २१ नोव्हेंबर

चहा मागितला. धुरपताबाई म्हणाली, "करून राहिली." मी म्हटलं, केलास तर आण ना. चुलीत फुंकत ती करवादली, "करून राहिली म्हटलं न! झाला नाही अजून."

 करून राहिली म्हणजे आत्ता करते आहे. म्हणजे राहून राहिला —

तिला सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, काहीच लपवण्यासारखं नसल्यासारखं. कोठार बांधलं तेव्हा मालगुजारानं फाटकात नंदलालला विचारलं, राहशील न? तो तीनदा राहीन म्हणाला. त्याला आत ठेवून भिंत घातली. राखण असल्याशिवाय या जागेवर छत टिकत नाही. "आता नवीन इमारतीले नवा राखणदार पायजे. माह्या नवऱ्याले म्हणत होते सारे. तुमी राहीन म्हटलं, अन् तो वाचला." मग तिनं माझा हात धरला आणि नंदलाल सुटला म्हणून माझे आभार मानले.

मी तिचा हात झटकला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! एका शब्दासाठी?

मंगळवार, २२

बॅग भरली. सकाळी दहाची एसटी. फाटकापर्यंत गेले. पाऊल उचललं — पुढे पडेना. पडलं ते मागेच. अकरा वेळा.

फाटकाबाहेर अख्खं गाव उभं होतं. त्यांना ओरडून सांगितलं, मी राहणार नाही, शब्द परत घेते. सरपंच म्हणाले, तो एकदाच देता येतो.

बुधवार

आईला फोन. ती नुसती हॅलो, हॅलो. कोण बोलतंय, विचारत राहिली. मी एवढी किंचाळले, आई —

हातात काठी आहे. मी उचलली नव्हती.

गुरुवार

तणसावर बसले आहे. स्वतः आले की —

श्यामलाल विटा रचतो आहे. माझ्याकडे बघत नाही. रडतो आहे. पण ओळंबा लावून, नीट. धुरपतानं भात ठेवला. म्हणाली, रोज ठेवीन.

शुक्रवार? 

एक वीट उरली आहे. तेवढ्याच उजेडात लिहिते.

पाहणीला कुणी साहेब आलाय. इकडचा नाही, बोलण्यावरून कळतं. माझा नकाशा त्याच्या हातात. छान काम म्हणाला. मी भिंतीवर नखं — नखं तुटेपर्यंत —

त्यानं कान दिला. म्हणाला, उंदीर फार दिसतात.

मग विचारलं, भिंतीत काय आहे. धुरपतानं खरं ते सांगितलं. "तेथं मॅडम राहून राहिली."

त्यानं मान डोलावली. वहीत लिहितोय, मोठ्यानं म्हणत म्हणत: आर्किटेक्ट बाई पूर्वी इथे राहत होत्या.

होत्या नाही. अहो, होत्या नाही! नीट ऐका तिचं — राहून राहि