मुरियल थर्केटलची नाणी कोणाला मिळावीत

मी, मुरियल ॲग्नेस थर्केटल, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार हेल्सवर्थ, सफक परगणा, हे मृत्युपत्र माझ्या निजायच्या खोलीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं कंबरडं मोडलं आहे, डोकं नाही. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणणारा जावई खाली बैठकीत बसला आहे आणि वर काय चाललं आहे हे त्याला ठाऊक नाही. गावातले वकील त्याच्याबरोबर गोल्फ खेळतात, म्हणून हे काम माझं मलाच करावं लागत आहे.

१. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर आणि नाणी माझी मुलगी फिलिपा आणि जावई रॉडनी गॅरड या दोघांच्या नावे होती, आणि व्यवस्था पाहण्याचा अधिकार रॉडनीचा होता. आजचा हा कागद दोन साक्षीदारांसमोर पुरा झाला नाही, तर ते जुनंच कायम राहील. सोमवारी रॉडनी मला वृद्धाश्रमात हलवणार आहे. तिथे मला कोण भेटेल हे तोच ठरवेल. तेव्हा जे व्हायचं ते आजच.

२. माझं राहतं घर, आणि हातोड्याने पाडलेली माझी सगळी नाणी, खणांच्या पेटीसकट, फिलिपाला, म्हणजे आमच्या पिपला, एकटीला द्यावीत.

यंत्र येण्याआधी आपल्याकडे चांदीची चकती साच्यावर ठेवून वरून घाव घालत. एखाद्या नाण्यावर राजा अर्धाच उमटलेला, एखाद्याच्या मुकुटाला दोन दोन घाव. हुबेहूब सारखी दोन सापडायची नाहीत, म्हणून तर माणूस वेडा होतो. पहिली पेनी मी लग्नाच्या वर्षी नॉरिचच्या बाजारात रविवारच्या मटणाच्या पैशांतून घेतली. माझे यजमान सिरिल नुसते बटाटे खात म्हणाले, "मुरियल, हा राजा कधी शिजायचा?" बिचारे पुढे जन्मभर माझ्याबरोबर बाजार पालथे घालत हिंडले.

३. हे सगळं पिपला एकटीला का, ते लिहून ठेवते. जुन्या काळी लोक पेनीच्या कडा कातरून चांदी चोरत. नाणं चालत राहायचं, राजाचा चेहराही शाबूत असायचा, फक्त दर हाताला ते थोडं लहान व्हायचं. माझ्या पोरीचं तसंच झालं आहे. आधी तिची ग्रंथालयातली नोकरी सुटली, "तुला झेपत नाही" असं रॉडनी म्हणाला म्हणून. मग मैत्रिणी तुटल्या. मग गाडीची किल्ली गेली. आता ती मला भेटायला येते तेव्हा रॉडनी जिन्याखाली बसून असतो. हात उगारतो का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही गं आई, तसलं काही नाही," आणि पडदे सारखे करायला लागली. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

४. रॉडनी गॅरड यास माझ्याकडून चांदी घासायच्या पॉलिशचा डबा आणि ती चिंधी द्यावी. कारण असं. माझ्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली तेव्हा गळ्यातली पेटीची किल्ली काढून घरच्यांकडे दिली गेली. परत येऊन बघते तो स्टीफन राजाची डनिचची पेनी नव्या चमच्यासारखी लखलखत होती. जिथे ती पाडली ते गाव समुद्राने कधीच गिळलं. पेनीवर आठशे-नऊशे वर्षांचा काळा थर होता, तो याने घासून काढला, म्हणजे तिची निम्मी किंमतच पुसून टाकली. वर म्हणतो, "आई, बघा कशी चकाचक केली! लिलाववाला खूश होईल." गाढवाला गुळाची चव काय! पण मी थिजले ती 'लिलाववाला' या शब्दाने. मी अजून जिवंत होते. तो लिलाववाला उद्या सकाळी घरी येणार आहे.

५. तिसऱ्या हेन्रीच्या काळात मोड म्हणून कापलेल्या पेन्यांचे अर्धे-पाव तुकडे पत्र्याच्या डबीत आहेत. ते प्राथमिक शाळेला द्यावेत, आणि मुलांना हातात घेऊ द्यावेत, काचेत ठेवू नयेत. आमच्या नाणेमंडळाचे चिटणीस होरेस कॅचपोल यांनी एकदा भर सभेत म्हटलं होतं, "बायकांनी आपली बटणं जमवावीत." त्यांना माझ्या हिरव्या कोटाचं एक बटण द्यावं. बाकीची मागितली तरी देऊ नयेत.

६. व्यवस्था पाहण्यासाठी मी माझी मैत्रीण एनिड लार्टर, राहणार साउथवोल्ड, हिला नेमते. कोणत्याही कारणाने पिपला तिचा वाटा घेता आला नाही, तर तो एनिडला मिळावा. एनिडला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण तिला घाबरवणारा माणूस अजून जन्मला नाही.

७. साक्षीदार. दोन लागतात, आणि सही करताना दोघेही समोर लागतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असा कायदा आहे. मंडळातले जुने स्नेही डेस्मंड ऑल्डस मागच्या परड्यातून, थेट या खोलीत उघडणाऱ्या मागच्या जिन्याने, हातात रूबार्बच्या लाल देठांची जुडी घेऊन वर आले आहेत. त्यांना माझं भिंग द्यायचं होतं. कायद्याची अडचण नको म्हणून ते मी आत्ताच त्यांच्या खिशात घातलं.

"मुरियल, तुम्ही मराल तेव्हा मी रडायचं की नाही, ते पण लिहा त्यात," ते म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतात मोठ्याने. मी तोंडावर बोट ठेवलं.

दुसरी साक्षीदार म्हणून रोजची परिचारिका यायची होती. आत्ताच दाराची घंटा वाजली. खिडकीतून रॉडनीचा आवाज स्पष्ट आला, "त्या झोपल्यात हो. आता सोमवारपर्यंत येऊ नका, मी आहे ना." तिची गाडी गेली. आता साक्षीदार एकच उरला.

पिप चहा घेऊन वर आली आहे. ऑल्डसना बघून दचकली, मग कागदाकडे बघितलं. मी लपवला नाही. तिने उभ्या उभ्या सगळा वाचला. जे बोलणं झालं ते सही करण्याआधी इथेच लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीने पोरीला फसवलं.

"आई, हे माझ्या एकटीच्या नावावर केलंस?"

"मग? तुला निघता यावं म्हणून."

"ते माझ्या नावावर असलं तर तो मला कधीच सोडणार नाही. आणि महिन्याभरात मीच त्याला सगळं लिहून देईन. तू ओळखत नाहीस का मला?"

इतके दिवस मी एवढा विचार केला, पण हा केला नव्हता.

"दुसरा साक्षीदार कोण?" तिने विचारलं.

"नाही कोणी. घालवून दिलं त्याने तिला."

"मग पेन मला दे."

"अगं वेडे, साक्षीदाराला काही मिळत नाही! घर नाही, एक पेनीसुद्धा नाही. सगळं एनिडचं होईल."

"म्हणूनच," पिप म्हणाली.

खालून रॉडनीने हाक मारली, "पिप! चहा द्यायला गेलीस की पिकवायला?" एरवी ती लगेच "आले, आले" म्हणते. आज तिने दाराला आतून कडी घातली.

जन्मभर जमवलेलं मला माझ्या पोरीला देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. आणि तिचा अभिमान इतका वाटतो की लिहिताना डोळ्यांपुढे धुरकट झालं आहे. कलम दोन मी खोडत नाही. ती काय सोडते आहे ते कागदावर राहू दे.

ऑल्डस यांची गाडी मागच्या गल्लीत आहे. हा कागद आणि पिप, दोघंही परड्याकडच्या जिन्याने त्यांच्याबरोबर जातील. रॉडनी आता पायऱ्या चढतो आहे. चढू दे. त्याच्याशी बोलायला मी इथे आहे.

दोन्ही साक्षीदारांच्या समोर, पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने सही केली.

मुरियल ॲग्नेस थर्केटल
हेल्सवर्थ, शुक्रवार, १४ मार्च २०१४, दुपार

साक्षीदार पहिले: डेस्मंड ऑल्डस, निवृत्त टपाल कर्मचारी, राहणार हेल्सवर्थ

साक्षीदार दुसरी: फिलिपा थर्केटल, राहणार, आजपासून, एनिड लार्टर यांच्या घरी, साउथवोल्ड